आइसबर्गची मर

डब्यातली पोळी-भाजी बाजूला सारून कॅन्टीनमधला सॅलड बाऊल उघडणाऱ्या तमाम डाएटवाल्यांनो, आज जरा त्या पानांच्या मुळांकडे बघू. आइसबर्ग लेट्यूस. चव म्हणाल तर पाण्याची! पण या पाण्याच्या चवीवर कॅलिफोर्नियातल्या सलिनास खोऱ्याचं पोट चालतं, आणि तिथल्या मातीत एक बुरशी ठाण मांडून बसलीय. १९९५मध्ये ती शेजारच्या वॉटसनव्हिलजवळ लेट्यूसवर सापडली, मग इकडे पसरली.

नाव व्हर्टिसिलियम. गावाकडे तूर किंवा हरभरा असेल तर ‘मर’ हा शब्द तुम्हाला नवा नाही. (तिथली बुरशी वेगळी, तऱ्हा तीच.) मुळातून शिरते, पाणी वाहणाऱ्या नळ्या चोंदवते. टायमिंग तर असलं खवचट, की गड्डा काढणीला आला की पानं पिवळी पडून माना टाकतात. खत, पाणी, मजुरी सगळं झाल्यावर! वर तिचे काळे सूक्ष्म दाणे मातीत दहा-दहा वर्षं टिकतात.

औषध मारा ना, म्हणाल. मिथाइल ब्रोमाइडने माती धुरवायचे. पण ते ओझोनची वाट लावतं म्हणून २००५पासून बंद होत गेलं, स्ट्रॉबेरीवाल्यांची सवलतही २०१६नंतर संपली.

उरलं बियाणं. ‘ला ब्रिलियांत’ नावाच्या बाटाव्हिया लेट्यूसमध्ये या बुरशीला पुरून उरणारा जीन मिळाला. तो आइसबर्गमध्ये आणायचा, बस! पण लेट्यूसचं फूल उमलतं एकदाच, सकाळचे काही तास, आणि तेवढ्यात स्वतःचंच स्वतःशी लग्न लावून मोकळं होतं. म्हणून ब्रीडर सकाळीच पाण्याचा फवारा मारून पराग धुतात आणि दुसऱ्या झाडाचं फूल त्यावर घासतात. पुढे पिढ्यान् पिढ्या निवड. रोग गेला पण गड्डाच बसला नाही, तर ते वाण घेणार कोण?

एवढं करून बुरशीची ‘रेस टू’ निघाली, जिच्यापुढे हा जीन फिका. तिच्याविरुद्ध काही वाणांमध्ये प्रतिकार सापडलाय, पण अर्धवट.

मला मात्र राग येतो तो पालकाचा. बेबी पालकाच्या बियांवर बसून हीच बुरशी शेतात येते. पालक कोवळाच कापतात, त्यामुळे तो आजारी दिसतच नाही. पुढे त्याच जमिनीत लेट्यूस लागतं. आणि सुपरमार्केटच्या फ्रीजमध्ये दोघांची पाकिटं शेजारी शेजारी.