‘ये ना’ म्हणणारं मराठी

आमच्या पुण्यात एक वाक्य कायम तयार असतं. ऐंशीच्या दशकातलं एखादं उडत्या चालीचं गाणं लागलं, की कुणीतरी मान हलवून म्हणतं, "हे असलं ऐकूनच मराठीचं वाटोळं झालं." परवा मंडईत मिरचीवाल्याच्या मोबाईलवर ‘अश्विनी ये ना’ चालू होतं, आणि शेजारी कोथिंबिरीची जुडी निरखणाऱ्या एका गृहस्थांनी हेच वाक्य टाकलं. भर गर्दीत वाद नको म्हणून गप्प राहिले. उत्तर इथे देते.

मंडळी, हे गाणं १९८७ च्या ‘गंमत जंमत’मधलं. शब्द शांताराम नांदगावकरांचे, संगीत अरुण पौडवालांचं, आवाज किशोरकुमार आणि अनुराधा पौडवाल यांचे. आता ‘अष्टविनायक’मधलं (१९७९) ‘प्रथम तुला वंदितो’ आठवा. शब्द नांदगावकरांचेच. संगीत अनिल-अरुण यांचं, त्यातले अरुण म्हणजे हेच पौडवाल. वसंतराव देशपांड्यांबरोबर गाणाऱ्या अनुराधाबाईही त्याच. गणपतीत ते गाणं लागलं की हेच गृहस्थ हात जोडणार! मग आठ वर्षांत या माणसांचं मराठी एकदम बिघडलं का हो? तिथे देवाला वंदन होतं, इथे प्रेयसीला हाक आहे. चाल वेगळी असणारच.

आणि भाषेचंच म्हणाल तर मी वर्गात वर्षानुवर्षं आज्ञार्थ शिकवला आहे. ‘ये’ ही आज्ञा. पण ‘ये ना’ म्हटलं की त्या एका अक्षराने हुकमाचं आर्जव होतं. हा ‘ना’ मुलं व्याकरणाच्या तासाला नाही, घरात आणि बाजारात शिकतात. "घ्या ना बाई, ताजी आहे मेथी," असं भाजीवाली म्हणते तेव्हा तोच ‘ना’ असतो. खांडव्यात जन्मलेल्या एका बंगाली माणसाने तो ‘ना’ असा काही म्हटला, की जवळजवळ चाळीस वर्षं झाली तरी लोक गुणगुणतात. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला किशोरकुमार गेले.

नाकं मुरडायची ही सवय जुनी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतीराव फुल्यांच्या व्याकरणाची टिंगल केली होती. आज मंडईला नाव फुल्यांचं आहे. पडद्यावर हे गाणं रंगवणाऱ्या अशोक सराफांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत ही शुद्ध मराठीवाली मंडळीही होतीच की.

कानठळ्या बसवणाऱ्या स्पीकरच्या भिंतींचा राग असेल तर मी तुमच्याबरोबर आहे. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर नको, हा नियम २००० सालापासून आहे, तो पाळायला लावू. पण तो राग गाण्यावर काढू नका. भिंतीवर भीमसेनजींचा अभंग लावला तरी खिडक्या हादरणारच.

खरी भीती वेगळीच आहे. मुलांनी हसत-नाचत म्हणावीत अशी मराठी गाणीच उरली नाहीत, तर ती दुसऱ्या भाषेत नाचतील, आणि आपण ‘शुद्ध’ मराठी घेऊन एकटेच बसू. म्हणून परदेशातल्या माझ्या भाचरांनो, पोरांना श्लोक शिकवा, पण गाडीत ‘अश्विनी ये ना’ही लावा. अर्थ विचारतील, तेव्हा त्या ‘ना’पासून सुरुवात करा.