टॉप फ्लोअरला राहताय? पीयू फोमचं कोटेशन घेण्याआधी हे वाचा

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत टॉप फ्लोअरला राहत असाल तर माहीतच असेल: दिवसभर तापलेला स्लॅब रात्रीही झोपू देत नाही. अमेरिका-युरोपात घरातली ऊब टिकवणारा स्प्रे फोम आपल्या गच्चीवर ऊन अडवू शकतो. आयसोसायनेट आणि पॉलिऑल मिसळले की फोम फुगतो. आत अडकलेले वायूचे बुडबुडेच उष्णता रोखतात.

खरी मेख त्या वायूत आहे. ओझोनला मारक एचसीएफसी-१४१बी भारताने १ जानेवारी २०२० पासून बंद केला. त्याजागी आलेला एचएफसी पृथ्वी तापवतो. एचएफओ त्या बाबतीत बरा, पण महाग.

म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये फक्त दर बघू नका. विचारा: वायू कोणता? आगीची टेस्ट झालीय? वरून यूव्ही कोटिंग मिळणार? उघडा फोम उन्हात पिवळा पडून भुगा होतो.