नानासाहेब म्हणून छापलेला सावकार

१८५७च्या बंडातल्या नानासाहेब पेशव्यांचे चित्र म्हणून जे आपल्याकडे बिनदिक्कत छापले जाते, त्यातल्या दागिन्यांनी मढलेल्या गुबगुबीत गृहस्थाची एकदा चौकशी व्हायला हवी. हे चित्र १८५७ साली ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकात आले. कानपूरच्या कत्तलीच्या बातम्यांनी इंग्लंड खवळले होते आणि वाचकांना खलनायकाचा चेहरा हवा होता. मूळ चित्र लखनौच्या नवाबाचे चित्रकार बीची यांचे, असे सांगण्यात आले. बीची १८५२ मध्येच वारले होते. त्यांना विचारण्याची सोय नव्हती.

खुलासा आला तो सवयीप्रमाणे उशिरा. ९३व्या हायलँडर्स पलटणीतले विल्यम फोर्ब्स-मिचेल यांच्या बंडाच्या आठवणी १८९३ मध्ये निघाल्या. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे चित्रातला माणूस म्हणजे मेरठचा सावकार अयोध्याप्रसाद, आणि ते चित्र लंडनच्या संपादकांच्या हाती दिले जॉन लँग यांनी. हे लँग म्हणजे झाशीच्या राणीचे वकील आणि ‘मोफसलाइट’ पत्राचे संपादक. बिठूरला त्यांनी नानासाहेबांचा पाहुणचार घेतला होता आणि पुढे पुस्तकात त्याचे खुसखुशीत वर्णनही केले. फोर्ब्स-मिचेल यांची हकिगत खरी असेल, तर हा घोटाळा अजाणता झाला असे म्हणवत नाही. संपादकाला चेहरा हवा होता, वकिलाने दिला.

अशी अदलाबदल सोपी होती. साप्ताहिकातले चित्र बॉक्सवुडच्या ठोकळ्यांवर कोरले जाई. मोठे असले तर अनेक ठोकळे जोडून, वेगवेगळ्या कारागिरांच्या हातून. खालचे नाव मात्र छापखान्यात खिळे जुळवणारा लावी. चेहरा लाकडाचा, नाव शिशाचे! कोरणाऱ्याने तो माणूस पाहिलेला नसे, खिळे जुळवणाऱ्याने तर नाहीच. तांब्या-पोलादाच्या पत्र्यावरच्या छाप्यांत अक्षरे त्याच पत्र्यावर कोरत, पण तीही बहुधा शेवटी. नाव कोरण्याआधीच्या प्रतींना संग्राहक जास्त पैसे मोजत. म्हणजे नाव हा चित्राचा भाग नसून प्रकाशकाचे विधान आहे. ते तपासायचे तर मूळ रंगचित्र कुणाच्या घरातून आले, चित्रकार त्या माणसाला कधी भेटला, पागोटे आणि गंध त्याच्या जातीकुळीला शोभते का, हे पाहावे लागते. आपल्याकडे एवढे कष्ट कोण घेतो? चित्र जुने आणि विलायती दिसले की काम भागले.

सरकारने नानासाहेबांच्या डोक्यावर एक लाखाचे बक्षीस लावले होते. तरीही १८७४ मध्ये जयाजीराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला पकडून दिलेला माणूस तेच की दुसरे कुणी, हे ठरवायला कानपुरात त्यांना पूर्वी पाहिलेल्यांना बोलवावे लागले. शेवटी तो माणूस नानासाहेब नव्हे, असे ठरले. सतरा वर्षे छापील चेहरा सर्वत्र फिरत होता, पण ओळख पटवायच्या दिवशी साक्षीदारांचे डोळेच लागले.

कर्जतजवळच्या वेणगावात जन्मलेल्या या माणसाचे चित्र पाठ्यपुस्तकात नको, असे आमचे म्हणणे नाही. छापा, फक्त खाली लिहा: ‘लंडनच्या साप्ताहिकाने १८५७ मध्ये नानासाहेब म्हणून छापलेले चित्र, प्रत्यक्षात मेरठचा एक सावकार असावा.’ दीड ओळ जास्त लागेल.