पुन्हा सुरू? पुन्हा ये!

कॉलेजच्या ग्रुपमधला एक मित्र. ड्रग्ज सोडली, पुन्हा धरली. तिसऱ्यांदा असं झालं, तेव्हा मी त्याचा फोन घेणंच बंद केलं. ‘त्याला सुटायचंच नाहीये यार!’ (हे म्हणणारी मी तीनदा जिम सोडलेली, हा भाग वेगळा.)

परवा अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या ‘अलाइव्ह’ स्टडीबद्दल वाचलं आणि चपराक बसली. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी १९८८ मध्ये तो सुरू केला. इंजेक्शनने ड्रग्ज घेणारे जवळपास ३ हजार लोक. दर सहा महिन्यांनी यायचं, रक्त द्यायचं, प्रश्नांची उत्तरं द्यायची. शोध होता एचआयव्हीचा. पण माणसांना वर्षानुवर्षं भेटत राहिलं की आणखीही बरंच कळतं. २००० पर्यंतचा हिशेब मांडला, तेव्हा दीर्घकाळ येत राहिलेल्यांपैकी २० टक्क्यांनी इंजेक्शन सोडलं ते सोडलंच. २९ टक्के घेतच राहिले. आणि उरलेले निम्मे? सोडलं, धरलं, काहींनी पुन्हा सोडलं...

म्हणजे एकदाच भेटून विचारलं असतं, तर यातल्या कुणावर ‘सुधारला’ आणि कुणावर ‘वाया गेला’ असा शिक्का बसला असता. दोन्ही चूक! घसरला म्हणून तिथे कुणाचं नाव कापलं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा या, बस्स.

मी मात्र कापलं होतं. काल फोन लावला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, ‘बोल गं.’

रविवारी चहाला येतोय. सुटलंय का, ते विचारणार नाहीये.