पिंप घरात आणण्यापूर्वी

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. सकाळची शाळा होती. माझे दोन तास संपवून घरी आले, कुकर लावला, आणि गच्चीवरून खडखड-धडाड असा आवाज आला. वाटलं, माकडं आली. वर धावले तर काय, नाशिकहून एवढ्या हौसेनं आणलेलं लाकडी पिंप भुईसपाट! फळ्या चहूकडे पसरलेल्या, लोखंडी पट्टे एकात एक पडलेले, आणि तोंडावरची गोल तबकडी घरंगळत थेट टाकीपाशी गेलेली.

ते पिंप वाइनचं होतं, हे आधीच सांगून टाकते. हॉटेलांत आणि मासिकांतल्या चित्रांत अशी पिंपं तुम्ही पाहिली असतील. कुठं त्यांचं टेबल केलेलं, कुठं अर्धं कापून कुंडी. आपल्याकडे ती येतात मुख्यतः नाशिकहून. १९९९ साली राजीव सामंत यांनी नाशिकजवळ ‘सुला’ सुरू केली, २००१ साली राज्य सरकारनं द्राक्षांवरच्या प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणलं, आणि दिंडोरी-निफाड भागात वाइनचे कारखाने उभे राहिले. बरीचशी वाइन स्टीलच्या टाक्यांतच होते. काही निवडक तेवढी ओकच्या पिंपात मुरवतात. काही वर्षं वापरलं की लाकडाचा स्वाद उतरतो, मग ते पिंप काढून टाकतात. माझा मावसभाऊ तिकडे अशाच एका ठिकाणी नोकरीला आहे. “ताई, एक काढलेलं पिंप आहे, हवंय का?” असा त्याचा फोन आला, आणि मागचापुढचा विचार न करता मी हो म्हणून मोकळी झाले.

येवला-वैजापूर करत टेम्पो दारात आला. शेजारच्या वहिनी कौतुकानं बघायला आल्या. त्यांचा पहिला प्रश्न, “यात पाणी किती मावतं हो?” त्यांचंही बरोबरच. आपल्या शहरात वर्षानुवर्षं नळाला कित्येक दिवसांच्या खंडानं पाणी येत आलंय, त्यामुळे पिंप म्हटलं की आपल्याला पाणीच आठवतं. (मावतं सव्वादोनशे लिटर. पण त्यात पिण्याचं पाणी किंवा लोणचं भरायचा विचारसुद्धा करू नका.)

सासूबाई मात्र उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. “हे दारूचं पिंप माझ्या घरात यायचं नाही,” एवढंच म्हणाल्या. आवाज चढवला नाही. मला वाटलं, सोवळ्याओवळ्याचं काहीतरी असेल. “अहो आई, रिकामं आहे, धुतलेलं आहे,” असं मी दोनदा म्हटलं. त्या आत निघून गेल्या आणि रात्री जेवल्या नाहीत. मग ह्यांनी सांगितलं. सासूबाईंचा धाकटा भाऊ दारूपायी गेला होता, चाळिशीसुद्धा न गाठता. लग्नाला बारा वर्षं झाली माझ्या, पण ‘मामा लवकर गेले’ यापलीकडे कुणी काही बोललं नव्हतं. मी गप्प झाले. पिंप गच्चीवर गेलं, आणि गच्चीवरच्या उन्हात आठ-दहा दिवसांत त्याचं हे असं झालं.

आवाज ऐकून सासूबाईही जिना चढून वर आल्या. मला वाटलं, आता म्हणतील बरं झालं. पण त्या वाकल्या, एक पट्टा उचलला, बोटानं चाचपला आणि म्हणाल्या, “चाकाची धाव सुटावी तसं सुटलं की गं हे.” वैजापूर तालुक्यातलं शेतकरी माहेर त्यांचं. उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकाचं लाकूड आटलं की लोखंडी धाव सैल व्हायची. मग चाकं काढून रात्रभर डोहात टाकून ठेवायची, सकाळी लाकूड फुगून धाव घट्ट. “लाकूड वाळलं म्हणजे लोखंड त्याला धरून ठेवत नाही. उन्हात ठेवायला तुला सांगितलं कुणी?”

आणि मंडळी, हेच खरं शास्त्र आहे. या पिंपाला ना खिळा, ना सरस. साधारण तीसएक फळ्या एकमेकींना रेटून उभ्या असतात, आणि बाहेरून सहा-आठ पट्टे त्यांना आवळून धरतात. आत वाइन असते तोवर लाकूड ओलं, फुगलेलं, म्हणून थेंब गळत नाही. रिकामं पिंप आमच्यासारख्या ठिकाणी, मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या कोरड्या हवेत आणलंत, की लाकूड आटतं आणि पट्टे खाली घसरतात. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत हे इतकं भराभर होणार नाही. आपण मराठवाड्यातल्या बायकांनी मात्र आधीच सावध व्हावं.

उपाय सोपा आहे, फक्त चाकाच्या उलट. चाक भिजवतात, कारण ते रस्त्यावर चालायचं असतं. आपलं पिंप घरात कोरडंच राहायचं आहे, तेव्हा ते आधी सावलीत, वारा लागेल असं दोन-तीन आठवडे वाळू द्यायचं. रोज एकदा पट्टे हलवून बघायचे. सैल झाला की लाकडी ठोकळा ठेवून हातोडीनं पट्टा पोटाच्या दिशेनं ठोकत न्यायचा. लाकूड आटायचं थांबलं, की प्रत्येक पट्ट्यातून एकेका फळीत छोटा स्क्रू मारून घ्यायचा. फळीची जाडी जेमतेम इंचभर, म्हणून स्क्रू अर्ध्या इंचाचाच. कापायचं असेल तर आधी स्क्रू, मग करवत. हा क्रम चुकलात तर माझ्यासारखं गच्चीभर फळ्या वेचत बसाल. आणि वाळत घालण्यापूर्वी फळ्यांवर खडूनं आकडे टाकून ठेवा. मी टाकले नव्हते. आमच्या सुतारमामांनी रुंदी आणि आतले डाग जुळवत दोन दिवस घालवले आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

सबंध पिंप पुन्हा उभं करायचं नाही, हे मात्र मी ठरवलं होतं. त्याची उंची सदतीस इंचांच्या आसपास. आपला दिवाण, आपल्या खुर्च्या, आपलं जमिनीवर बसणं, या कशालाच ती उंची सोयीची नाही. उभं राहून पेले रिचवणाऱ्यांसाठी ठीक. शिवाय रिकाम्याचंच वजन पंचेचाळीस-पन्नास किलो. केर काढताना रोज कोण हलवणार? मामांनी फळ्या मधोमध कापल्या आणि अर्ध्या भागाचं टीपॉय केलं, तबकडी वर. उंची साडेअठरा इंच, दिवाणाला नेमकी. वर काच घालू नका असं मी म्हणेन. लहान मुलांचं घर असेल तर काच नकोच, आणि त्या तबकडीवरच्या भाजलेल्या खुणा हीच तर त्याची शोभा.

सफाईचं थोडं सांगते. आतून आंबूस वास येतो आणि जांभळट खडे चिकटलेले असतात. ते द्राक्षातल्याच आम्लाचे. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून ते सुटतात. मग स्वच्छ पाण्यानं दोनदा धुऊन सावलीत वाळवायचं. नंतर ओलं फडकं लावायचं नाही. ओकमध्ये हिरड्यासारखा तुरटपणा असतो, आणि ओलं लोखंड त्याला लागलं की शाईसारखे काळे डाग पडतात. हिरड्याची काळी शाई कशी करत, ते आपल्या आज्यांना ठाऊक होतं. जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात पुरे. पण एक मनावर घ्या. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून बाहेर वाळत घाला. आणि अर्ध्या पिंपाची कुंडी केलीत तर बुडाला भोकं हवीतच, नाहीतर डासांची शाळा भरेल.

विकत घेणार असाल तर पारखून घ्या. आंब्याबाभळीची नवी पिंपं करून ‘जुनं वाइनचं’ म्हणून विकणारेही असतात. खऱ्याच्या पोटावर बुचाचं भोक असतं, आत जाळल्याची काळसर खूण असते, आणि लाल वाइनचं असेल तर लाकडात जांभळा रंग मुरलेला असतो. एवढा खटाटोप नको असेल, तर वाळूज भागात यंत्रांच्या पेट्यांचं पाइनचं लाकूड भंगारात मिळतं, त्याचंही टीपॉय छान होतं. त्यावर इंग्रजी ‘एचटी’ हा शिक्का असेल तर ते उष्णता देऊन कीड मारलेलं. ‘एमबी’ असेल तर विषारी वायू दिलेलं, ते घरात आणू नये.

आता सजावट. असली ओबडधोबड वस्तू खोलीत एकच शोभते. दोन झाल्या की घर ढाब्यासारखं दिसतं. भोवती साधं ठेवा. आमच्याकडे दिवाणावर सोलापुरी चादर, भिंत पांढरी, बाजूला आपलं नेहमीचं लोखंडी कपाट. टीपॉयवर पाहुणे आले की हिमरूचा जुना तुकडा घालते. सासूबाईंच्या शालीचा काठ आहे तो. शाल कसरीनं खाल्ली, काठ वाचला. त्यावर फुलदाणी मात्र ठेवत नाही, पाण्याच्या एका डागात हिमरू जाते. उरलेल्या फळ्यांपैकी एकीला खुंट्या मारून मुलांची दप्तरं टांगली. फळीचा बाक तसाच ठेवला, म्हणून दप्तरं भिंतीला घासत नाहीत.

टीपॉय घरात आणायचं का, हे मी सासूबाईंना विचारलं. या खेपेला आधी विचारलं. त्या बराच वेळ लसूण सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, “राहू दे. लाकडाचा काय दोष? पण देवाचं काही त्याच्यावर ठेवायचं नाही. आणि वहिनी येईल तेव्हा ते समोर नको.” वहिनी म्हणजे मामांच्या मागे राहिलेल्या मामी. दर दिवाळीला चार दिवस येतात.

म्हणून मग सुतारमामांना पुन्हा बोलावलं आणि टीपॉयला चाकं लावून घेतली. खालच्या कडेला चाक बसत नाही, कड अरुंद असते. आतून दोन आडव्या पट्ट्या ठोकून त्यांच्यावर लावावी लागतात. चार नको, तीनच लावा. आमच्यासारखी जुनी शहाबादी फरशी असेल तर चारातलं एक चाक कायम अधांतरी राहतं आणि चहा सांडतो. तिन्हींना अडकण हवी. मामी यायच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी स्वतःच अडकण पायानं उघडली, टीपॉय ढकलत आमच्या खोलीत नेलं, आणि वर माझी वह्यांची चळत ठेवून दिली.