धनुष्याची मूठ

मागील दोन अंकांत आपण धामणीची काठी निवडून ती तासली आणि दोरी चढवून तिच्या दोन्ही बाजू सारख्या वांकतात कीं नाहीं हें पाहिलें. काम येथपर्यंत आलें म्हणजे घरांतील मुलांना धीर धरवत नाहीं. धनुष्य वांकतें, बाण सुटतो, मग आतां राहिलें काय, असा त्यांचा प्रश्न असतो. राहिलें तें हें कीं, काठीला अजून कोपरे आहेत, तिला हवेपासून व पाण्यापासून कांहींच संरक्षण नाहीं, आणि ज्या ठिकाणीं हात पडावयाचा तेथें तो कोणाचा पडणार याचा विचार झालेला नाहीं. या शेवटच्या कामाविषयीं आज लिहावयाचें आहे.

आपल्या पूर्वजांनीं धनुष्याच्या प्रत्येक अवयवाला स्वतंत्र नांव दिलें होतें. अमरकोशांत टोकाला कोटि व अटनि, दोरीला मौर्वी, ज्या, शिंजिनी आणि गुण, दोरीच्या फटकाऱ्यापासून हात राखणाऱ्या पट्ट्याला गोधा, आणि मुठींत धरावयाच्या मधल्या भागाला लस्तक असे शब्द आले आहेत. यांपैकीं ज्या हा शब्द शाळेंतील मुलांना त्रिकोणमितींत भेटतो. लस्तक बिचारा कोशांतच राहिला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ताड, वेळू, लांकूड आणि शिंग अशा चार प्रकारच्या धनुष्यांची गणना आहे. आपण जी धामण घेतली तिलाही संस्कृतांत धन्वन आणि धनुर्वृक्ष अशीं नांवें आहेत. विदर्भाच्या जंगलांत वाढणारें हें लांकूड चिवट व लवचिक असून, कुऱ्हाडीच्या दांड्यासाठीं व कावडीसाठींही लोक तें आवडीनें घेतात.

प्रथम घासण्याचें काम. धनुष्याची जी बाजू निशाणाकडे असते ती त्याची पाठ, आणि आपल्याकडे असते तें पोट. वांकतांना पाठ ताणली जाते आणि पोट दाबलें जातें. म्हणून पाठीवरचा एखादा तंतू सुटला कीं तेथूनच लांकूड चिरतें. सर्व कडा बोटाला टोंचणार नाहींत इतक्या गोल कराव्या. पण पाठीचा सपाट भाग उगाच खरवडूं नये. काचकागद, ज्याला बाजारांत पॉलिशपेपर म्हणतात, तो आधीं ८० नंबरचा, मग १२०, आणि शेवटीं २२० चा घ्यावा आणि नेहमीं लांकडाच्या रेषेच्या दिशेनें चालवावा. नंतर ओलसर फडक्यानें काठी एकदां पुसावी. वाळल्यावर लांकडाचे बारीक केस उभे राहिलेले हाताला लागतील. ते शेवटच्या कागदानें हलकेच काढून टाकावे.

ज्यांनीं धामणीऐवजीं बांबूचा कमठा केला असेल त्यांनीं एक भेद ध्यानांत ठेवावा. बांबूचे बळकट तंतू सालीलगत दाट असतात. म्हणून त्याच्या पाठीची साल खरवडणें म्हणजे धनुष्याचें बळच खरवडणें होय. पेरांवरचे उंचवटे तेवढे हलक्या हातानें सारखे करावे. शिवाय असा कमठा मुठीच्या ठिकाणींही थोडा वांकतो. त्यावर लांकडाचा ठोकळा चिकटवला तर तो वांकत नाहीं आणि थोड्याच दिवसांत कट्‌कन निघून येतो. कमठ्याला दोरी, कापड किंवा मऊ चामडें एवढेंच मानवतें.

आतां मुठीकडे वळूं. माझ्या माहितीच्या एका कुटुंबांत थोरल्या मुलासाठीं केलेलें धनुष्य दोन वर्षांनीं त्याच्या दहा वर्षांच्या बहिणीकडे आलें. एकत्र कुटुंबांत सदरे, पुस्तकें आणि पाटीदप्तर ज्या वाटेनें खालीं उतरतात त्याच वाटेनें तेंही उतरलें. धनुष्य हलकें होतें आणि मुलगी तें पुरतें ओढीत असे. तरी बाण कधीं डावीकडे तर कधीं उजवीकडे जाऊं लागले. घरांतील मंडळींनीं तत्काळ निकाल दिला : मुलींच्या हातांत जोर नसतो. मुलीनेंही तो खरा मानला आणि धनुष्य खुंटीला टांगलें. कोणी तिची मूठ पाहिली असती तर दिसलें असतें कीं, जाड दांड्याभोंवतीं तिचीं बोटें पुरतीं वळत नाहींत, म्हणून ती तो सर्व शक्तीनें आवळून धरते, आणि दर खेपेस तिचें मनगट निराळ्या बाजूस वांकतें.

याचें कारण समजण्यासारखें आहे. दोरी जितक्या जोरानें आपण मागें ओढतों, तितक्याच जोरानें धनुष्य पुढच्या हातांत दाबलें जातें. वीस पौंडांच्या धनुष्यांत हा दाब सुमारें नऊ किलोंचा होतो. तो अंगठ्याच्या मुळाशीं, तळहाताच्या मांसल भागावर सरळ पडावा आणि बोटें सैल राहावीं, अशी खरी रीत आहे. मूठ फार जाड असली कीं बोटें सैल ठेवण्याचा धीर होत नाहीं. आणि आवळलेला हात बाण सुटण्याच्या क्षणीं धनुष्याला पीळ देतो. एवढासा पीळ वीस पावलांवर वीतभर चूक करावयास पुरतो.

यासाठीं हाताचें माप घ्यावें. जुन्या वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी करून ती मुलाच्या हातांत द्यावी. अंगठ्याचें टोक मधल्या बोटाच्या पहिल्या पेरावर सहज टेकेपर्यंत ती कमी-अधिक करावी आणि मग दोऱ्यानें तिचा घेर मोजावा. समजा, घरांतील सर्वांत लहान धनुर्धराचा घेर ९ सेंटिमीटर भरला, तिच्या भावाचा सव्वादहा, आणि काकांचा साडेअकरा. तर मूठ कोणाच्या मापाची करावी? उत्तर असें कीं, लांकूड सर्वांत लहान हाताच्या हिशेबानें तासावें आणि वाढ दोरीनें द्यावी. तासलेलें लांकूड परत लावतां येत नाहीं. गुंडाळलेली दोरी केव्हांही सोडतां येते.

हिशेब सोपा आहे. दोन मिलिमीटर जाडीच्या सुती दोरीचा एक थर दिला तर व्यास चार मिलिमीटरांनीं वाढतो, म्हणजे घेर सुमारें सव्वा सेंटिमीटरनें वाढतो. म्हणून लांकडाचा घेर पावणेआठ सेंटिमीटर ठेवावा. एका थरानें तो ९ होतो, दुसऱ्यानें सव्वादहा, आणि तिसऱ्यानें साडेअकरा. मात्र लांकूड तासतांना रुंदी कमी करावी, पाठीपासून पोटापर्यंतची जाडी राखावी. रुंदी निम्मी केली तर काठीचा ताठपणा निम्मा होतो. जाडी निम्मी केली तर तो एक-अष्टमांश उरतो. वरच्या वर्गांतील मुलांकडून हें गणित अवश्य करवून घ्यावें.

मुठीची लांबी दहा सेंटिमीटर पुरे. बाण ठीक मध्याच्या किंचित वरून जातो आणि मूठ त्याच्या खालीं येते. म्हणून धनुष्याचा मध्य काढून त्याच्या वर तीन व खालीं सात सेंटिमीटरांवर पेन्सिलीनें रेघा माराव्या. दोरी गुंडाळतांना धनुष्याची प्रत्यंचा उतरवलेली असावी. पहिल्या थराला पन्नास वेढे लागतात. एका वेढ्याला सुमारें ८.४ सेंटिमीटर धरले तर ४.२ मीटर दोरी झाली. टोकांसाठीं मिळून पांच मीटर घ्यावी.

दोरीच्या एका टोकाचा लांबट फांसा करून तो मुठीवर आडवा न ठेवतां तिच्या लांबीच्या दिशेनें, वरच्या रेघेपर्यंत पोंचेल असा ठेवावा. मग खालच्या रेघेपासून फांशावरूनच वेढे घेत वर यावें. भोवऱ्याला जाळी गुंडाळतांना जसा वेढ्याला वेढा भिडवतों, तसाच येथें भिडवावा. पण ताण सर्वत्र सारखा असावा. एकानें धनुष्य फिरवावें आणि दुसऱ्यानें दोरी ताणून धरावी हें उत्तम. वर पोंचल्यावर उरलेलें टोक फांशांतून ओवावें आणि खालचें टोक ओढावें. फांसा वरचें टोक घेऊन वेढ्यांच्या खालीं सरकतो. तो मुठीच्या अर्ध्यापर्यंत आला कीं थांबावें आणि दोन्ही टोकें कापावीं. गांठ कोठेंही दिसत नाहीं आणि तळहाताला टोंचतही नाहीं. वरचे थर असेच, पण स्वतंत्र दोरीचे द्यावे. फेविकॉल लावावयाचाच तर दोन टोकांवर एकेक थेंब. सर्व मूठ चिकटवली तर थर सोडतां येण्याची सोयच गेली.

ज्यांना चामड्याची मूठ हवी असेल त्यांनीं पातळ तुकडा पाण्यांत भिजवून ताणून बसवावा आणि शिवण निशाणाकडील बाजूस घ्यावी. वाळतांना चामडें आकसून घट्ट बसतें. एक लहानसा तुकडा मुठीच्या लगत वर, जेथून बाण घासून जातो तेथें, अवश्य लावावा. आणि बाणाच्या पिसाचें पुढचें टोक दोऱ्यानें बांधलेलें आहे हें पाहावें. सुटलेलें पीस सुरीसारखें मुठीवरील कातडी कापतें.

उरलेल्या लांकडाला जवसाचें तेल द्यावें. तिळाचें किंवा खोबरेल तेल कामाचें नाहीं, कारण तें वाळत नाहीं. जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु घेऊन हळूहळू घट्ट होतें. पातळ हात द्यावा, अर्ध्या तासानें जास्तीचें पुसून काढावें, दुसऱ्या दिवशीं पुन्हा; असे चार-पांच हात पुरतात. मुठीच्या भागाला तेल लावूं नये, नाहींतर दोरी सरकते व फेविकॉल धरत नाहीं. तेल पुसलेलें फडकें चुरगाळून कोपऱ्यांत कधींही टाकूं नये. तेल वाळतांना उष्णता निर्माण होते आणि असा बोळा आपोआप पेटूं शकतो. फडकें उघड्यावर पसरून वाळवावें किंवा पाण्यांत बुडवून ठेवावें. आमच्या वाडीसारख्या ठिकाणीं, जेथें वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, ही सावधगिरी दुप्पट पाहिजे. त्या दिवसांत धनुष्यही गच्चीवर किंवा मोटारींत ठेवूं नये.

एक गोष्ट निक्षून सांगतों. मूठ बदलल्यानें धनुष्याचें बळ बदलत नाहीं. मुलीच्या बेताचें धनुष्य काकांनीं आपल्या लांब हातांनीं पुरतें ओढलें तर तें मोडेल. म्हणून बाणावर ओढीची खूण करावी आणि तिच्यापुढें कोणींही जाऊं नये. बाण कोणाच्याही दिशेनें रोखूं नये, बोथट असला तरी.

ऑगस्ट २०२३ मध्यें बर्लिन येथें झालेल्या जागतिक स्पर्धेंत आपल्या नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची सतरा वर्षांची अदिति स्वामी हीं दोघें एकाच दिवशीं जगज्जेतीं ठरलीं. अंतिम सामन्यांत ओजसनें दीडशेंपैकीं दीडशें गुण घेतले. त्यांचीं धनुष्यें धातूचीं व चाकांचीं; तरी अशा धनुष्यांवरही मूठ निराळी बसवतां येते आणि खेळाडू ती आपापल्या हाताप्रमाणें बदलतात किंवा तिला पट्टी गुंडाळतात. जेथें एका गुणानें निकाल लागतो तेथेंही ही बाब क्षुल्लक मानीत नाहींत.

वर सांगितलेल्या मुलीच्या धनुष्याचे वरचे दोन थर पुढें सोडले गेले. तिचे बाण लगेच मध्यावर पडूं लागले असें नव्हे. पण जे चहूंकडे जात होते ते एका जागीं पडूं लागले, आणि एका जागीं पडणारे बाण मध्याकडे आणणें हें शिकवण्याचें काम आहे, जोराचें नव्हे. धनुष्य आतां खुंटीवर नसतें. घरोघरच्या वडील मंडळींना माझी एवढीच विनंती कीं, लहानांच्या हाताविषयीं निकाल देण्यापूर्वीं त्या हातांत आपण काय दिलें आहे, तें एकदां दोऱ्यानें मोजून पाहावें.

पुढील अंकीं प्रत्यंचेविषयीं. तोंपर्यंत तेलाचे चार हात पुरते वाळूं द्यावे.