नागीण डान्सची 'बीन' कधी बीन नव्हतीच! मग बँजो पार्टी पारंपरिक की इलेक्ट्रॉनिक?

लग्नसराईत खर्डी, शहापूर किंवा मुरबाडच्या कुठल्याही गावात वरात निघाली की एक क्षण ठरलेला असतो. बँजोवाला 'नागिन'ची धून सुरू करतो आणि कुणीतरी तोंडात रुमालाचं टोक धरून रस्त्यावर लोळायला लागतो. नाचणाऱ्यांना वाटतं की ही गारुड्याची बीन आहे. पण १९५४ च्या 'नागिन' चित्रपटात ती धून वाजली होती क्लॅव्हियोलिन नावाच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर. संगीत होतं हेमंतकुमार यांचं आणि वाजवणारे होते कल्याणजी, म्हणजे पुढच्या कल्याणजी-आनंदजी जोडीतले. साथीला रवी यांची हार्मोनियम होती.

हा तपशील आठवायचं कारण म्हणजे दरवर्षी गणपती आणि लग्नाच्या मोसमात उठणारा वाद. डीजेवर निर्बंध आले की 'पारंपरिक वाद्यं वाजवा' असं आवाहन होतं. ढोल-ताशा, लेझीम, सनई यांबद्दल कुणाला शंका नसते. पण बँजो पार्टीचं काय? तिच्यात कीबोर्ड आहे, ऑक्टोपॅड आहे, अँप्लिफायर आहे आणि टेम्पोत जनरेटरही आहे.

क्लॅव्हियोलिन म्हणजे काय?

फ्रान्समधल्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ मध्ये हे वाद्य बनवलं. छोटासा कीबोर्ड, आत व्हॅक्यूम ट्यूबचं सर्किट आणि सोबत अँप्लिफायरची पेटी. एका वेळी एकच सूर निघायचा. आवाज कमी-जास्त करायला गुडघ्यानं सरकवायचा दांडा होता. सूर थरथरवता यायचा, म्हणून तो बीनसारखा भासवता आला. इंग्लंडच्या टॉर्नेडोज या बँडचं याच जातीच्या वाद्यावरचं 'टेलस्टार' जगभर गाजलं ते १९६२ मध्ये. म्हणजे मुंबई आठ वर्षं पुढे होती.

नंतर केर्सी लॉर्ड यांनी मिनीमूग हा सिंथेसायझर हिंदी चित्रपटसंगीतात आणला. आणि १९८२ मध्ये मुंबईच्या स्टुडिओंमध्ये वाजवणारे चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेऊन दहा रागांची एक रेकॉर्ड केली: ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' हे तिचं नाव. ती फारशी खपली नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या फ्यूचर या गटानं त्याच टीबी-३०३ वर 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढलं आणि अ‍ॅसिड हाउस नावाचा प्रकारच जन्माला आला. सिंग यांची रेकॉर्ड २०१० मध्ये नेदरलँड्सच्या एका संग्राहकानं पुन्हा प्रकाशित केली, तेव्हा जगानं कान टवकारले. 'अ‍ॅसिड हाउस भारतात जन्मलं' असे मथळे झळकले. ते अतिशयोक्तच म्हणायला हवेत, कारण शिकागोच्या मुलांपर्यंत ही रेकॉर्ड पोहोचल्याचा पुरावा नाही. सिंग २०१५ मध्ये गेले. पोटापाण्यासाठी ते चित्रपटांच्या ऑर्केस्ट्रांत वाजवायचे आणि लग्नांतही वाजवायचे.

टीबी-३०३ चं उत्पादन १९८४ मध्येच थांबलं. आज परदेशात एक जुनं यंत्र काही लाख रुपयांना जातं. जुन्या सिंथेसायझरची ही हौस श्रीमंती आहे. शहापूर-मुरबाडकडे जुनं यंत्र जपलं जातं ते मात्र पुढच्या सुपारीसाठी.

बँजो पार्टीत नेमकं काय वाजतं?

ज्याला आपण बँजो म्हणतो तो अमेरिकी बँजो नव्हेच. तो बुलबुलतरंग आहे आणि त्याचं मूळ १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि तारा छेडायच्या. आपल्याकडे त्याला पिकअप लावून अँप्लिफायरला जोडलं गेलं. कीबोर्ड कोणत्याही कंपनीचा असो, गावात तो 'कॅसिओ'च.

आणि ऑक्टोपॅड. रोलंडनं पहिला १९८५ मध्ये काढला, तेव्हा त्याच्या पोटात स्वतःचा एकही आवाज नव्हता, दुसरं यंत्र जोडावं लागे. नंतरच्या एसपीडी-२० मध्ये ती अडचण नव्हती: आठ रबरी पॅड आणि आत ७०० आवाज. काठी पडली की रबराखालचा सेन्सर तो ठोका विजेच्या संकेतात बदलतो आणि यंत्र साठवलेला आवाज सोडतं. ठोका हलका तर आवाज हलका. महाराष्ट्रातल्या पार्ट्यांत हे मॉडेल इतकं रुळलं की नवी यंत्रं आली तरी त्याचं नाव टिकलं आणि कंपनीनंही पुढे 'एसपीडी-२० प्रो' काढला. पॅड झिजले, वायर सुटली, तर दुरुस्तीसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठता येतो. खर्डीहून लोकलनं जायलाच दोन तासांहून जास्त लागतात. मोसमात एवढा दिवस मोडणं परवडत नाही.

कायदा काय म्हणतो?

ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज तिथल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलनं जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतलं जे कमी असेल तेवढाच चालतो. म्हणजे गावातल्या वस्तीत दिवसा ६५. डेसिबलचं गणित सरळ नाही: १० नं वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर वाजवायला बंदी आहे आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर ती 'वाद्यां'नाही स्पष्टपणे लागू आहे. राज्य सरकारला वर्षातून १५ दिवसांपर्यंत बारापर्यंत सूट देता येते.

या नियमांत 'पारंपरिक' हा निकषच नाही. दहानंतर ढोलही बंद आणि बँजोही. तरी प्रत्यक्षात आवाहनं, मंडळांच्या बैठका आणि परवानगीची बोलणी 'डीजे की पारंपरिक' याच भाषेत होतात. तिथे बँजोवाल्याची बाजू लंगडी पडते. जपानी मुळाचं वाद्य आणि जपानी ऑक्टोपॅड घेऊन परंपरेचा दाखला कसा मागायचा? खरं तर त्यानं तो मागूच नये. त्याचा दावा वेगळा आणि जास्त भक्कम आहे. डीजेकडे पेन ड्राइव्ह आणि एक-दोन माणसं पुरतात. बँजो पार्टीत बँजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, ताशा आणि झांज वाजवायला माणूस लागतो आणि प्रत्येकाचा त्या रात्रीचा रोज निघतो. एरवी यांतले अनेक जण शेतीत, वीटभट्टीवर किंवा भिवंडीच्या गोदामांत राबतात. नवरदेवाची गाडी अडकली की लय धरून ठेवणं, म्हाताऱ्या मामांसाठी चाल संथ करणं हे समोर बघत वाजवणाऱ्यालाच जमतं.

अर्थात डीजेच्या भिंतीपुढे ऐकू जावं म्हणून पार्ट्यांनीही एकावर एक स्पीकर चढवलेत. हा दोष त्यांचाच, आणि मीटर लावलं तर तेही डीजेच्याच रांगेत उभे राहतील. मात्र त्यांना आवाज उतरवून काम चालवता येतं, कारण त्यांच्याकडे विकायला आवाजाखेरीजही काहीतरी आहे. सुपारी देणाऱ्यानं ठरवताना 'किती बॉक्स लावणार' याऐवजी 'वाजवणारे किती' असं विचारलं, तर पार्टीला दोन स्पीकर उतरवायला हरकत नसते.